पोटदुखीचं खापर

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत पोटदुखीचं खापर कायम ठेच्यावर, नाहीतर माणसाच्या स्वभावावर फुटायचं. मेडिकलच्या काउंटरमागे माझी हयात गेली. उपाशीपोटी कळ येते, मध्यरात्री झोपमोड होते, चार घास खाल्ले की थांबते, असं कुणी सांगू लागला की सोबतचा म्हणायचा, "तिखट सोडत नाही अन् डोकं थंड ठेवत नाही." घरी तळहातावर खायचा सोडा घेऊन तोंडात टाकायचा, वर तांब्याभर पाणी. ढेकर आली की उतार. मग दुकानातून डायजिन, पुढे रॅनिटिडीन. गोळी थांबली की दुखणं पुन्हा दारात.

पोटातल्या या व्रणाबद्दल डॉक्टरांचं शास्त्रही आम्लाभोवतीच फिरत होतं. आम्ल नाही तर व्रण नाही, हे कार्ल श्वार्त्झ यांचं 1910 सालचं सूत्र. फारच झालं तर औरंगाबादचं घाटी रुग्णालय गाठायचं. तिथे आम्ल सुटायला लावणारी व्हेगस नस कापत, जठर लहान आतड्याला नव्या वाटेने जोडत. त्यातून उठलेल्या कष्टकऱ्याला एका बैठकीत अख्खी भाकरी जात नसे. जेवला की घाम फुटून चक्कर यायची. अशी माणसं आठवली की आजही वाईट वाटतं.

या समजुतीला तडा गेला तो दूर ऑस्ट्रेलियात. तिथल्या पर्थला डॉक्टर रॉबिन वॉरन यांना 1979 मध्ये जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. ते वाढवून बघायच्या बशा दोन दिवसांत टाकून देत. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. वॉरन यांचे सहकारी बॅरी मार्शल 1984 मध्ये ते जंतू स्वतः प्यायले. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. व्रणामागचा हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरियापासून अमोनिया करतो आणि भोवतालचं आम्ल मारतो. दुर्बिणीतून काढलेला कणभर तुकडा पिवळ्या चाचणीत टाकला की ती गुलाबी होते, ती त्याच अमोनियामुळे.

हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीच्या घरात पोटात शिरतो. सगळ्यांना व्रण होत नाही; काहींचा व्रण अंगदुखीच्या गोळ्यांचा असतो. पण ज्यांना आपण तापट म्हणून बोल लावला, त्यातल्या कितींना हे दुखणं पोरवयातच मिळालेलं असणार.

आता चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि आम्ल कमी करणारी गोळी असं किट येतं. जळजळ चार दिवसांत थांबते, उरलेल्या गोळ्या फडताळात जातात आणि वाचलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून मी प्रत्येक खोक्यावर शेवटच्या गोळीची तारीख ठळक लिहून देतो, आणि सोबतच्यालाही वाचायला लावतो.