फुप्फुसाचा कॅन्सर : सी-टी, पेट-सी-टी आणि एम-आर-आय, कशात काय दिसतं

फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरची माणसं पहिलं विचारतात, "ऑपरेशन होईल का?" स्टेज ठरल्याशिवाय डॉक्टर त्याचं उत्तर देऊ शकत नाहीत. स्टेजसाठी तीन गोष्टी बघतात. गाठ केवढी आहे व कुठवर गेली आहे, छातीतल्या लिम्फ ग्रंथींत रोग शिरला आहे का, आणि छातीबाहेर, म्हणजे मेंदू, हाडं, लिव्हर, किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, इथे पोचला आहे का. एकाच तपासणीत हे सगळं नीट कळत नाही. "आत्ताच तर सी-टी झाला, आता पेट कशाला?" असं म्हणून पुष्कळ जण अपॉइंटमेंट पुढे ढकलतात. तसं करू नये.

सी-टी हा आकाराचा फोटो. यंत्रात पाचदहा मिनिटं पडून राहायचं, शिरेतून औषध देतात तेव्हा अंगात गरम वाटतं, घाबरू नका. त्याआधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, कारण ते औषध किडनीतून बाहेर पडतं. गाठ किती मिलिमीटर, बरगडीला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे का, हे सी-टीइतकं स्पष्ट पेटमध्ये दिसत नाही. सर्जनला हाच फोटो हवा असतो. सी-टी कमी पडतो तो ग्रंथींच्या बाबतीत. ग्रंथीची आखूड बाजू १ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली तर संशय, एवढंच तो सांगतो. लहान ग्रंथीतही कॅन्सर असू शकतो, आणि मोठी झालेली ग्रंथी नुसत्या न्यूमोनियाने सुजलेली असू शकते.

पेट-सी-टीमध्ये आकाराबरोबर पेशींचं काम दिसतं. किरणोत्सर्गी फ्लोरीन लावलेली साखर शिरेतून देतात, तासभर गप्प पडून राहायचं, मग फोटो. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात म्हणून त्या चमकतात. हे औषध साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून वेळेवर जा. उशीर केला तर तुमचा डोस वाया जाईल.

पण चमकलं म्हणजे कॅन्सर, असं नाही. आपल्या लोकांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण आपल्यापैकी कित्येकांचं बालपण मुंबईत, कोकणात गेलं आणि टीबी घरात नाही तर शेजारात होताच. टीबी, सारकॉइड, साधं इन्फेक्शन, यांनीही ग्रंथी चमकतात. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी पेटचा रिपोर्ट फोनवर उघडून स्वतःच वाचला, छातीच्या मधल्या ग्रंथी चमकतात असं दिसलं, आणि "आता काही उरलं नाही" म्हणून ते डॉक्टरकडे जायलाच तयार नव्हते. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने तुकडा काढला, त्यात कॅन्सर नव्हता, जुन्या टीबीसारखी सूज होती. त्यांचं ऑपरेशन झालं. म्हणून पेटमध्ये ग्रंथी चमकल्या, किंवा लांब कुठे एकच ठिकाण चमकलं आणि त्यावर उपचार बदलणार असले, तर तुकडा तपासला का, हे विचारायचंच. टीबी झाला होता, औषधं घेतली होती, हे रोफे मिश्पाहाला सांगून रेफरलवर लिहून घ्या. इथल्या तरुण डॉक्टरांना ते आपोआप सुचेल असं नाही.

उलटही होतं. ८-१० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ किंवा सावकाश वाढणारा ट्यूमर पेटमध्ये चमकेलच असं नाही. रिपोर्टमध्ये एस-यू-व्ही नावाचा आकडा असतो, तो चमक किती ते सांगतो. शेजारणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नये, यंत्र आणि त्या दिवसाची साखर यांनीही तो बदलतो.

मेंदूसाठी पेट चालत नाही. मेंदू स्वतःच साखरेवर चालतो, त्यामुळे तिथे सगळंच चमकतं आणि बारीक डाग लपतो. त्यासाठी औषध देऊन एम-आर-आय करतात. पेसमेकर, कानातलं यंत्र, अंगात जुना धातू असला तर आधी सांगा. पहिल्या स्टेजच्या अगदी लहान गाठीला हा नेहमीच लागतो असं नाही, स्मॉल सेल प्रकारात मात्र मेंदू बघतातच.

हाडांचा स्कॅन, ज्याला इथे मिपुई अत्समोत म्हणतात, पूर्वी सगळ्यांना लिहीत. आता पेट झाला असेल तर बहुधा लागत नाही. संधिवातानेही त्यात डाग दिसतात, आणि आपल्या वयात गुडघे कोणाचे चांगले आहेत?

पेटची तयारी : आदल्या दिवशी भात, चपाती, गोड कमी, अंडी-मासे-चिकन चालतं. तपासणी रविवारी असेल तर शब्बाथच्या खल्ल्यावर ताव मारू नका, किद्दुशच्या शरबताचा नुसता घोट घ्या. सहा तास उपाशी, पण हा किप्पुरचा उपास नव्हे, साधं पाणी भरपूर प्यायचं. डायबिटीसवाल्यांनी मेटफॉर्मिन आणि इन्सुलिनचं आधी विचारावं; साखर २०० च्या वर असली तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. अंग गरम ठेवा, आदल्या दिवशी फार चालू नका.

कुपात होलीमकडून तोफेस १७ घ्या, त्यावर तपासणीचं नाव आणि मुदत बघा. जुन्या सी-टीची डिस्क बरोबर न्या, भारतातली असली तरी. दोन वर्षांत न वाढलेली घट्ट गाठ सहसा साधी असते, आणि हे जुना फोटो असला तरच कळतं. पेट झाल्यावर त्या दिवशी लहान नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर सुनेपासूनही दूर बसायचं. दुसऱ्या दिवशी खुशाल घ्या.