हरवलेल्या सरकारी हत्याराचा जाब

पोलिसाच्या हवालीं केलेलें सरकारी हत्यार त्याच्याकडून गहाळ झालें, तर त्याचा जाब कोणीं द्यावा, किती द्यावा व कोणत्या कागदावरून द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खात्याच्या शिस्तीचा दिसतो. रेल्वेच्या डब्यांत पिस्तूल राहिलें, बंदोबस्ताच्या गर्दींत कमरेचें रिव्हॉल्वर नाहींसें झालें, अशीं वृत्तें वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. शिपाई निलंबित होतो, चौकशी बसते, आणि वाचक तें विसरून जातो. परंतु या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, व तो ज्या प्रकारच्या कागदांत दडलेला असतो ते कागद आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं असण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, हत्यार हरविल्याबद्दल चाकरास जाब विचारावयाचा तर तें हत्यार मुळांत धन्याचें असावें लागतें. मराठी फौजेंत शिलेदार व बारगीर असे दोन वर्ग होते हें सर्वश्रुत आहे. शिलेदार आपलें घोडें व आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडें सरकारी पागेंतून मिळे. शिलेदाराची तरवार हरवली तर नुकसान त्याचें त्यालाच. धन्यास त्यांत विचारण्यासारखें कांहीं नसे; फार तर गणतीच्या वेळीं तो अपुऱ्या सरंजामाचा ठरे. बारगिराची गोष्ट निराळी. त्याच्या ताब्यांतील वस्तु सरकारची, म्हणून तिची नोंद सरकारी दप्तरांत, व ती गेली तर कशी गेली हें सांगण्याचें ओझें त्याच्यावर. हत्याराची जबाबदारी म्हणून आज जी समजली जाते तिचें मूळ या बारगिरी पद्धतींत आहे, शिलेदारींत नाहीं.

ही जबाबदारी ठरवावयाची कशी, याचा मासला शिवकालीन व्यवस्थेंत सांपडतो. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, इ. स. १६९४ च्या सुमारास, जी बखर लिहिली तींत किल्ल्यांच्या बंदोबस्ताचें वर्णन आहे. किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे एका तोलाचे अधिकारी असत, आणि कोठाराच्या व युद्धसामग्रीच्या जमाखर्चासाठीं कारखानीस वेगळा असे. एकाच्या हातीं माणसें, दुसऱ्याच्या हातीं लेखणी, तिसऱ्याच्या हातीं कोठार, अशी ही वांटणी होती. लष्कर मोहिमेस निघतांना लोकांजवळील चीजवस्तूचा जाबता करावा व मोहिमेहून परततांना त्याच जाबत्याशीं ती रुजू घालावी, असाही प्रघात त्याच बखरींत सांगितला आहे. लूट दडविली जाऊं नये हा त्याचा मुख्य हेतु उघड आहे. परंतु जातांना एक यादी व येतांना तिचाच ताळा, ही जी रीत त्यांत दिसते, तीच आज पोलीस ठाण्यांतील हत्यारांच्या नोंदवहीची रीत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून मानल्या गेलेल्या आज्ञापत्रांतही, ज्याचा काळ इ. स. १७१५-१६ हा धरतात, किल्ल्यांच्या प्रकरणीं हीच दृष्टि आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यावर सदैव पहारा असावा, आंतील सामग्री अधिकाऱ्यानें ठराविक मुदतीनें स्वतः पाहावी, असा त्याचा रोख आहे. वस्तु गेल्यावर शिक्षा काय, यापेक्षां ती जाऊं नये म्हणून कोणीं केव्हां काय पाहावें, यावर तेथें भर आहे हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां लष्कर सोडून गांवच्या राखणीकडे वळूं. कारण पोलिसांचा खरा पूर्वज गांवचा राखणदार होय. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत ही पद्धत नमूद आहे. चोरी झाली तर राखणदारानें माग काढावा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला तर तेथील राखणदारानें तो पुढें चालवावा. माग जेथें खुंटेल तेथील राखणदारानें गेलेल्या मालाची भरपाई आपल्या ऐपतीपुरती करावी, व उरलेली रक्कम साऱ्या गांवावर बसावी. प्रत्यक्षांत सर्व रक्कम क्वचितच वसूल होई, असेंही त्यांतून दिसतें, व तें स्वाभाविक आहे. ज्याची ऐपतच नाहीं त्याच्याकडून भरपाई ती कोठून येणार? येथें राखणदाराचें हत्यार त्याचें स्वतःचें होतें, त्यामुळें त्याच्या हरवण्याचा प्रश्न नव्हता. परंतु रक्षणास दिलेली वस्तु गेली तर रक्षकानें ती पैशानें भरून द्यावी, हें तत्त्व पुढें पोलिसांच्या शिस्तींत उतरलें तें कांहीं एकाएकीं परदेशाहून आलेलें नव्हतें.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कवायती पलटणी उभ्या राहिल्या व बंदूक ही शिपायाची न राहतां सरकारची झाली. महादजी शिंद्यांच्या चाकरींत १७८४ सालीं आलेल्या द बॉयन यानें पलटणी उभारल्या, त्यांच्यासाठीं आग्र्यास बंदुका व तोफा तयार होत. त्या कारखान्यांतील बंदूक सुमारें दहा रुपयांस पडे असें काँप्टन यानें १८९२ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. दहा रुपये ही त्या काळीं शिपायाच्या पगाराच्या मानानें लहान रक्कम नव्हे. तरी ती कापून घेण्याजोगी होती. म्हणजे या अवस्थेंत हरवलेल्या बंदुकीचा प्रश्न मुख्यतः किंमतीचा होता. किंमत भरली कीं प्रकरण मिटण्यासारखें होतें.

१८५७ नें हें चित्र पालटलें. त्यापूर्वींच सर चार्ल्स नेपियर यानें १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर तेथें पोलीस उभारले होते व १८५३ सालीं मुंबई इलाख्यानें त्या नमुन्यावर आपल्या पोलिसांची घडण बदलली होती. १८५७ नंतर सरकारच्या मनांत हत्याराविषयीं भीति बसली. १८६० चा एकतिसावा कायदा व पुढें लॉर्ड लिटनच्या वेळचा १८७८ चा अकरावा कायदा यांनीं प्रजेचीं शस्त्रें परवान्याखालीं आलीं. ज्या देशांत सामान्य माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं, तेथें पोलिसाच्या हातून सुटलेली एक बंदूक म्हणजे केवळ दहावीस रुपयांची तूट नव्हे. ती कोणाच्या हातीं गेली, हाच प्रश्न मोठा. येथपासून हरवलेल्या हत्याराची किंमत हिशेबाच्या वहींतून निघून राज्याच्या सुरक्षिततेच्या खातीं जमा झाली.

१८६१ च्या पांचव्या कायद्यांत, म्हणजे हिंदुस्थानच्या पोलीस कायद्यांत, शिक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. सातव्या कलमानें वरिष्ठानें खात्यांतल्या खात्यांत द्यावयाच्या शिक्षा सांगितल्या: बडतर्फी, निलंबन, पायरी उतरविणें, शिवाय एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड, पंधरा दिवसांपर्यंत बराकींत अटकाव, शिक्षेची कवायत व जादा पहारा. एकोणतिसाव्या कलमानें जाणूनबुजून कर्तव्यांत कसूर करणाऱ्यास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, अथवा तीन महिने कैद, अथवा दोन्ही, अशी तजवीज केली. आठव्या कलमाप्रमाणें नोकरी सुटतांच शिपायानें आपली सनद परत करावयाची असे. मुंबई इलाख्याचा कारभार स्वतंत्र कायद्यांनीं चाले. १८६७ चा सातवा, १८९० चा चौथा व शहरासाठीं १९०२ चा कायदा हे त्यांतील टप्पे होत.

परंतु शिक्षा ठरविल्यानें हत्यारें हरवावयाचीं थांबत नाहींत, हें सरकारही जाणून होतें. त्याची साक्ष एका बंदुकीनेंच दिली आहे. इशापूरच्या कारखान्यांत सैन्याच्या ·३०३ रायफलीवरून पोलिसांसाठीं ·४१० ची मस्केट तयार करीत. तिच्या नळींतील आटे नाहींसे केलेले, एकापाठोपाठ गोळ्या भरणारी पेटी लांकडी ठोकळ्यानें बुजविलेली, व काडतूस सैन्याच्या काडतुसाहून निराळें. एका वेळीं एकच बार निघे व पल्लाही थोडा. जुन्या हत्यारांच्या संग्राहकांस ही बंदूक परिचित आहे. पुष्कळजण तिला मोडकीतोडकी रायफल समजतात. वस्तुतः ती जाणूनबुजून दुबळी केलेली आहे. ती शत्रूच्या हातीं पडली तरी फारसें बिघडूं नये, या हिशेबानें ती घडविली होती. शिपायावर अविश्वास व त्याच्याकडून होणाऱ्या गहाळीची तरतूद, या दोन्ही गोष्टी तिच्या लोखंडांत उतरल्या आहेत.

असाच एक धडा १८ एप्रिल १९३० रोजीं चितगांवास मिळाला. सूर्य सेन यांच्या नेतृत्वाखालीं क्रांतिकारकांनीं पोलिसांचें व सहायक दलाचें अशीं दोन शस्त्रागारें हस्तगत केलीं. सहायक दलाच्या शस्त्रागारांत त्यांस बंदुका मिळाल्या, पण त्यांचीं काडतुसें मिळालीं नाहींत. तीं वेगळ्या जागीं होतीं. उठावाच्या पुढील गतीवर या एका गोष्टीचा फार परिणाम झाला. दारूखाना निराळा ठेवावा हा आमच्या जुन्या राजनीतींतील नियम अपघाताच्या भयानें केलेला होता. चितगांवास तोच नियम हत्यारें गमावल्यावरही सरकारच्या कामीं आला. पहारेकऱ्यांस मागाहून दिलेल्या कोणत्याही शिक्षेनें हें काम झालें नसतें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें १९५१ चा बाविसावा कायदा केला व तो पुढें महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नांवानें चालूं राहिला. त्याच्या पंचविसाव्या कलमांत निष्काळजी किंवा कर्तव्यास नालायक ठरलेल्या पोलिसास द्यावयाच्या खात्याच्या शिक्षा आहेत, तर तिसाव्या कलमांत नोकरी सुटतांच सनद, हत्यारें व इतर सरकारी सामान परत करण्याची सक्ति आहे. शिक्षा व अपील यांचे नियम १९५६ सालीं झाले. निष्काळजीपणानें सरकारचें आर्थिक नुकसान झाल्यास तें पगारांतून वसूल करणें, ही शिक्षा सरकारी नोकरांच्या शिस्तनियमांत आजही आहे; राखणदाराची जुनी भरपाई ती हीच. नवें आलें तें राज्यघटनेचें ३११ वें कलम. आरोप कळविल्यावांचून व आपली बाजू मांडण्याची वाजवी संधि दिल्यावांचून मुलकी चाकरास बडतर्फ करतां येऊं नये, हा नियम त्यानें घातला. अपवाद आहेत ते त्याच कलमांत मोजून दिलेले आहेत.

या साऱ्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, हरवलेल्या हत्याराच्या प्रकरणांत तीन प्रश्न नेहमीं एकत्र मिसळले जातात, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. हत्याराची किंमत कोणीं भरावी, हा पहिला. हत्यार सांभाळण्यांत कसूर कोणाची, हा दुसरा. तें कोणीं कपटानें दुसऱ्याच्या हातीं दिलें काय, हा तिसरा. या तिसऱ्यासाठीं १८६० च्या दंडसंहितेचें ४०९ वें कलम जन्मठेपेपर्यंत जात होतें, व १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली आहे. पहिल्या प्रश्नास वही उत्तर देते, दुसऱ्यास चौकशी, तिसऱ्यास न्यायालय. जेथें हे तीन एकत्र होतात तेथें विसराळू शिपायास चोराची वागणूक मिळते, किंवा चोर किंमत भरून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट यादीविषयींची. यादी हा धन्याचा चाबूक, असें सामान्यतः समजतात. जुने कागद पाहिले म्हणजे ती चाकराची ढालही होती असें वाटूं लागतें. कोठारांतून बंदूक निघाली ती कोणाच्या सहीनें, पाहाऱ्याच्या बदलींत ती कोणीं कोणास दिली, मोजणी शेवटीं केव्हां झाली, हें लिहिलेलें नसेल तर दोष अखेरच्या हातावर येतो. तो हात बहुधा सर्वांत लहान चाकराचा असतो. ज्या अधिकाऱ्यानें सहा महिने शिलेखान्याचें दार उघडून पाहिलें नाहीं, त्याचें नांव कोठेंच येत नाहीं. यादी खोटीही लिहितां येते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खरा आहे. परंतु म्हणूनच शिवकालीन किल्ल्यावर माणसें, लेखणी व कोठार तीन हातीं ठेविलीं होतीं. एकट्यास खोटें लिहिणें सोपें. तिघांस एकच खोटें लिहिणें अवघड.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. आपल्या रुमालांत राजकारणाचीं पत्रें, महजर, वतनाच्या सनदा हीं आपण जपून ठेवतां. त्यांच्याबरोबर येणारे शिलेखान्याचे जाबते, हजिऱ्या, झाडे व तूटफुटीचे कागद मात्र नीरस म्हणून बाजूला पडतात, आणि कधीं कधीं रद्दींतही जातात. ते कृपा करून जाऊं देऊं नयेत. असा कागद हातीं आल्यास चार गोष्टी टिपून ठेवाव्या: मिति, देणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, हत्याराची खूण, आणि तें गहाळ झालें असल्यास पुढें काय केलें याचा शेरा. तो शेरा एका ओळीचा असला तरी चालेल. ज्या शिपायाचें नांव कोणत्याही बखरींत येणार नाहीं, त्यास न्याय मिळाला किंवा नाहीं, हें समजण्यास आपणांपाशीं तेवढीच एक ओळ असते.