मोबाइलवर सूर्योदयाचा फोटो फसतो कुठे? गावाकडच्या बारा महिन्यांचा हिशेब

पहाटे उठलात, थंडीत कुडकुडत टेकडीवर गेलात, समोर केशरी गोळा वर आला, फोन काढून क्लिक केलं आणि स्क्रीनवर काय आलं? एक पांढरा ठिपका आणि धुवून काढल्यासारखं फिकट आकाश. हे तुमच्यासोबत झालं असेल तर तुमचा फोन बिघडलेला नाहीये. महागड्या फोनवरही हेच होतं. का होतं आणि कोणत्या ऋतूत काय करायचं, हे आज सविस्तर बघू.

आधी माझी फजिती सांगतो, कारण सगळा लेख तिच्यातूनच आला आहे. आमचं गाव वाई तालुक्यात. घराच्या गच्चीवरून पूर्वेला, साधारण दोनशे मीटरवर, रस्त्याकडेला एक जुना वड होता. गावी गेलो की मी सकाळी गच्चीवरून त्याचे फोटो काढायचो. चार वर्षांत दीडशेच्या वर काढले असतील. मग रस्ता रुंद झाला आणि वड गेला. काही महिन्यांनी आप्पा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "तू एवढे फोटो काढायचास, त्यातला एक मोठा करून आण. सोप्यात लावू." मी १८ बाय १२ इंचाची प्रिंट काढून आणली. आप्पांनी बघितली आणि एवढंच विचारलं, "आरं, हे असं भुरकट का दिसतंय?"

भुरकट यासाठी, की मूळ फोटो माझ्याकडे राहिलेच नव्हते. जुना फोन रीसेट करून विकताना बॅकअप घेतलेला नव्हता. उरले होते ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले. ते १६०० बाय १२०० पिक्सेलचे. १८ इंचांवर पसरवले की दर इंचाला नव्वदसुद्धा पिक्सेल येत नाहीत. मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० बाय ३०००, असता तर तेच २२० च्या वर गेले असते आणि भिंतीवर छान दिसले असते. पाठवण्याबद्दल आणि बॅकअपबद्दल शेवटी बोलू, आधी फोटो नीट काढायला शिकू.

सूर्य एवढासा का दिसतो?

डोळ्याला सूर्य क्षितिजावर मोठा वाटतो, पण आकाशात तो अर्ध्या अंशाएवढीच जागा घेतो. फोनचा मुख्य कॅमेरा मात्र जवळजवळ सत्तर अंशांचं दृश्य एका फोटोत कोंबतो. त्यामुळे ४००० पिक्सेल रुंद फोटोत सूर्य येतो जेमतेम पंचवीस-तीस पिक्सेलचा. दोन बोटांनी झूम केलंत तर तेच तीस पिक्सेल ताणले जातात, नवीन तपशील काही येत नाही. तुमच्या फोनला खरी टेलिफोटो लेन्स असेल, ३एक्स किंवा ५एक्स, तर ती वापरा. नसेल तर सूर्य मोठा दाखवायचा नाद सोडा आणि समोरचं काहीतरी जवळून घ्या: ज्वारीचं कणीस, कुंपणाची तार, गोठ्याचं छप्पर. सूर्य त्यात दिव्यासारखा असू द्या. मला तरी असेच फोटो जास्त आवडतात.

एक्सपोजर: सगळ्यात मोठी चूक इथेच होते

कॅमेऱ्याला चित्रात काय आहे ते कळत नाही, त्याला सरासरी उजेड कळतो. खालची जमीन अंधारी असेल तर तो सगळंच उजळवायला जातो आणि आकाश पांढरं पडतं. उपाय सोपा आहे. सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट ठेवून दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल. मग शेजारी येणारी सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढा. आकाशाचा रंग डोळ्याला दिसतोय तसा आला की थांबा. जमीन काळी झाली तर होऊ द्या. काळ्या भागातून एडिटिंगमध्ये थोडंफार परत मिळतं, पण पांढऱ्या पडलेल्या भागात माहितीच नसते, तिथून काही मिळत नाही.

एचडीआर काय करतं? पटापट अनेक फोटो घेऊन त्यांची मोट बांधतं, म्हणजे उजळ आणि अंधार दोन्ही दिसतात. शेतं आणि आकाश दोन्ही हवं असेल तर उत्तमच. पण झाडाची काळी आकृती हवी असेल तर एचडीआर नको, ते खोडावरची साल दाखवायला बघतं आणि सगळा परिणाम जातो. काही फोनमध्ये ते बंदच करता येत नाही, तिथे वरची पट्टी आणखी खाली ओढायची. उडणारे बगळे असतील तर एचडीआरमध्ये कधीकधी एका बगळ्याचे दोन दिसतात, हेही लक्षात ठेवा.

आता रंग. सकाळचा प्रकाश पिवळा-तांबडा असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं काहीतरी चुकलंय, म्हणून तो निळा मिसळून सगळं 'बरोबर' करतो. आपण पहाटे चारला उठलो ते ज्या रंगासाठी, तोच तो पुसतो! प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर किंवा ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा. आयएसओ ५० किंवा १००. आणि प्रो मोडला हात लावण्याआधी फोनची लेन्स सुती कापडाने पुसा. हसू नका, सूर्यासमोरच्या फोटोत येणारा तो तेलकट फराटा बहुतेक वेळा आपल्याच बोटाचा असतो.

फोन रॉ फाइल देत असेल (तिला डीएनजी असंही म्हणतात) तर महत्त्वाच्या दिवशी ती चालू ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये त्याच्या कितीतरी पट. आकाशाचा केशरीपासून निळ्यापर्यंतचा उतार एडिट करताना जेपेगमध्ये पट्टे पडतात, रॉमध्ये सहसा पडत नाहीत. फाइल मात्र मोठी होते, रोज उठून रॉ काढू नका. स्नॅपसीड हे फुकट अॅप डीएनजी उघडतं.

सूर्य जागा बदलतो, आणि हे आधी माहीत असतं

मला हे कळायला दोन वर्षं लागली. आपल्याकडे सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. हात पुढे ताणून मूठ धरली तर ती अंदाजे दहा अंशांची. म्हणजे वर्षभरात सूर्योदय क्षितिजावर पाच मुठी इकडून तिकडे फिरतो. जून आणि डिसेंबरच्या शेवटाला तो दोनेक आठवडे जागेवरच थबकल्यासारखा वाटतो. मार्च-सप्टेंबरमध्ये मात्र रोज जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो.

आमच्या गच्चीवरून वड पूर्वेच्या किंचित दक्षिणेला होता. त्यामुळे सूर्य त्याच्या मागून वर यायचा तो फक्त फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर दोन-तीन दिवस. या तारखा कायम जोडीने येतात, २१ डिसेंबरपासून (किंवा २१ जूनपासून) आधी आणि नंतर सारख्याच अंतरावर. एक तारीख हुकली की दुसरी काढता येते. आणि एखादा दिवस हुकला तरी रडायचं कारण नाही: झाड दोनशे मीटरवर असेल तर तुम्ही दीड मीटर, म्हणजे दोन पावलं बाजूला झालात की सूर्य पुन्हा झाडामागे. हे सगळं हातानं काढायचा कंटाळा असेल तर सन सर्व्हेयर किंवा फोटोपिल्ससारखी अॅप्स कॅमेऱ्यातून बघतानाच सूर्याची वाट आखून दाखवतात. फोनचा होकायंत्र आधी हवेत इंग्रजी आठ काढून कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर अॅप भलतीकडेच दाखवेल.

वेळेचंही गंमतशीर आहे. आमच्या भागात सूर्य सगळ्यात लवकर उगवतो तो मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, सहाच्या एक-दोन मिनिटं आधी. सगळ्यात उशीर २२ डिसेंबरला होत असेल असं वाटतं ना? तसं नाही. उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर असतो, ७ वाजून ८ मिनिटांच्या आसपास. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, पण तेव्हा वाढ संध्याकाळच्या टोकाला दिसते, सकाळ अजून तिथेच असते.

अॅपमधली वेळ सपाट क्षितिजाची असते. समोर डोंगर असेल तर दर अंशाला चारेक मिनिटं मिळवा. अर्धी मूठ उंच डोंगर म्हणजे वीस-बावीस मिनिटं उशीर. उलट आकाशातले रंग सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच सुरू होतात, आणि बिंब पूर्ण वर यायला सव्वादोन ते अडीच मिनिटं पुरतात. तेवढ्यात सेटिंग शोधत बसलात तर संपलं. मी अर्धा तास आधी पोचतो.

कोणत्या ऋतूत काय

पावसाळा गेल्यानंतरचे दिवस, ऑक्टोबर-नोव्हेंबर, माझ्या मते सगळ्यात भारी. पावसाने हवा धुतलेली असते, धूळ कमी, रंग स्वच्छ येतात. लोकांना वाटतं धूळ असली की रंग जास्त खुलतात. पण धुळीने सूर्य तांबडा होतो, आकाश मात्र मळकट दिसतं. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तर ते सूर्य यायच्या आधीच खालून पेटतात, अशा दिवशी झोपून राहायचं नाही.

हिवाळा म्हणजे धुकं आणि दहिवर. नदीकाठच्या शेतांवर धुकं साचतं आणि टेकडीवरून बघितलं की झाडांचे नुसते शेंडे वर दिसतात. इथे एक्सपोजरचा नियम उलटा होतो! धुकं पांढरं असतं, कॅमेरा त्याला जास्त उजेड समजून फोटो करडा करतो. पट्टी थोडी वर न्या, प्रो मोडमध्ये +०.३ ते +०.७. सूर्य धुक्यातून डोकावला की परत खाली. गुऱ्हाळं याच दिवसांत चालू असतात. चुलाणाच्या धुरातून येणारी उन्हाची तिरीप हवी असेल तर धूर तुमच्या आणि सूर्याच्या मधे यायला हवा. गुऱ्हाळवाल्याला आधी विचारा, रसही मिळतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात, झाडाला पानं नसल्यातच जमा. सूर्यासमोर काळी आकृती काढायला यापेक्षा चांगलं मॉडेल नाही. एप्रिल-मे मध्ये हवा धुरकट, सूर्य बिनउन्हाचा लाल गोळा होऊन वर येतो. त्याचा फायदा असा, की बिंब फार तेज नसल्याने फोनलाही झेपतं, टेलिफोटोने त्याची कड स्वच्छ येते. आणि वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची सकाळ अजिबात सोडू नका.

पावसाळ्यात सूर्य दिसेल या आशेने उठू नका, पण उठा. भातलावणीच्या आधी खाचरं पाण्याने भरलेली असतात, ढगाळ आकाश त्यात उतरतं. फोन पाण्याच्या अगदी जवळ न्या, कॅमेऱ्याची बाजू खाली करून, म्हणजे प्रतिबिंब पूर्ण येतं. एसी गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, पाचेक मिनिटं थांबा. फोन आयपी६८ असला तरी ओल्या पोर्टला चार्जर लावू नका. कास पठारावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलं असतात, मात्र हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग बघून जा.

सूर्य वर येऊन तापला की टेलिफोटो त्याच्यावर रोखून ठेवू नका, सेन्सरला धोका असतो आणि डोळ्यांना त्याहून जास्त. उसाच्या कडेने अंधारात जाताना बॅटरी घ्या आणि शक्यतो दोघं जा, बिबट्या आता कुठेही असू शकतो. बांधावरून चाला, पिकातून नाही.

आणि फोटो सांभाळा

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो छोटा होतो. एचडी निवडलं तर बरा जातो. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात, १२ मेगापिक्सेलवाल्यांना आकाराची चिंता नाही. १ जून २०२१ पासून तिथली फुकट जागा मर्यादित आहे, म्हणून मी वर्षातले निवडक फोटो पेनड्राइव्हवर आणि चुलत भावाच्या लॅपटॉपवर, अशा दोन ठिकाणी ठेवतो. फोन विकण्याआधी बॅकअप उघडून बघा. 'झाला असेल' यावर विसंबू नका, मी तेच केलं होतं.

वडाचं म्हणाल तर स्टुडिओवाल्यानेच तोडगा काढला. १६०० पिक्सेल आठ इंचांवर घेतले की दर इंचाला २०० पडतात. त्याने ८ बाय ६ ची प्रिंट काढून भोवती रुंद पांढरा माउंट लावून दिला. ती आता सोप्यात आहे. लांबून नीट दिसत नाही, म्हणून आप्पा चष्मा लावून जवळ जाऊन बघतात.