‘ईथरनेट’मधला ईथर

घरच्या राउटरमागे चौकोनी खाचा असतात, त्यांत तार बसते. म्हणून ईथरनेट म्हणजे तार, असे आपण धरून चालतो. शब्दाचा इतिहास वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ मानत, की प्रकाश ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी, अदृश्य माध्यमातून वाहतो. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही आणि पुढे ती कल्पनाच मोडीत निघाली. विज्ञानाने टाकलेला तो शब्द १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी उचलला. हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ-जाळ्यातून त्यांनी प्रेरणा घेतली होती. त्यांचे संगणक एकाच समाईक तारेवरून बोलत, तरी नावात तार नाही. कारण माध्यम कोणतेही चालावे, हाच त्यांचा विचार होता.

आज ‘स्विच’ या जोडणी-यंत्रामुळे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तार मिळते, मग समाईक ईथर उरला कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण टिकले ते माध्यम नव्हे, नियम: माहितीचे तुकडे कसे बांधायचे, त्यांवर ४८ बिटांचा मॅक पत्ता कसा लिहायचा. तसाच पत्ता वाय-फायही वापरते. म्हणूनच ‘लॅन केबल’ हा दुकानातला शब्द मला अपुरा वाटतो. लॅन म्हणजे घरातले सगळे जाळे. बिनतारी जोडलेला फोनही त्यातच येतो. वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले असून इंटरनेट बंद असेल, तर फोन ते राउटर हा दुवा बहुधा शाबूत असतो. तेव्हा आधी राउटरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या, ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेतली तार तपासा.