भोजनगृहाच्या अंगणांतील गांव

करमणुकीचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा यंत्रांपासून आरंभ करतात. कोणतें चक्र कोणत्या सालीं उभें राहिलें, उंचावरून घसरत येणारी गाडी प्रथम कोणीं चालविली, किती तिकिटें खपलीं, अशी त्यांची मांडणी असते. परंतु मनुष्य सुटीच्या दिवशीं घराबाहेर पडतो तो पुष्कळदां कांहीं चांगलें खावयास मिळेल या आशेनें, आणि तें मिळेपर्यंत व मिळाल्यानंतर तो सहज इकडे तिकडे पाहूं लागतो, ही साधी गोष्ट या इतिहासांतून सुटून जाते. ज्यास हल्लीं थीम पार्क म्हणतात त्या क्रीडोद्यानाचा जन्म १९५५ सालीं कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें तेव्हां झाला, असें सर्रास सांगितलें जातें. पण तेथून अवघ्या कांहीं मैलांवर बुएना पार्क या गांवीं एक स्थळ त्याच्या पंधरा वर्षें आधींच तसें रूप घेऊं लागलें होतें, आणि त्याचें मूळ यंत्रशाळेंत नसून स्वयंपाकघरांत होतें. नॉट्स बेरी फार्म हें त्याचें नांव.

वॉल्टर नॉट यांचा जन्म १८८९ सालचा. १९११ सालीं कॉर्डेलिया हॉर्नडे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढील कित्येक वर्षें या दांपत्याचीं मोठ्या हलाखींत गेलीं. सरकारकडून वसाहतीसाठीं मिळणारी जमीन घेऊन मोहावीच्या वाळवंटांत शेती करण्याचा प्रयोग त्यांनीं करून पाहिला. ऊन आणि वाळू यांनीं तो हाणून पाडला. पोटासाठीं वॉल्टर यांस मजुरी धरावी लागली, व त्या निमित्तानें कॅलिको नांवाच्या, चांदीच्या खाणी बसल्यामुळें ओसाड पडलेल्या गांवाशीं त्यांचा संबंध आला. या गांवाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें दुसऱ्याच्या जमिनीवर कुळ म्हणून राबून गांठीला थोडा पैसा जमला, तेव्हां १९२० सालीं एका नातलगाच्या भागीदारींत त्यांनीं बुएना पार्क येथें वीस एकर जमीन खंडानें घेतली आणि बेरीची लागवड केली. बेरी म्हणजे दिसावयास आपल्या तुतीसारखें, नाजूक व रसाळ फळ. तें फार टिकत नाहीं, म्हणून मळ्याला लागून जाणाऱ्या हमरस्त्यावरच विक्रीचा मांडव घातला. हा रस्ता समुद्रकांठाकडे जाणारा. मोटारी नुकत्याच सामान्य माणसाच्या आटोक्यांत येऊं लागल्या होत्या. १९२८ च्या सुमारास मांडवाच्या जागीं ऐंशी फूट लांबीची पक्की इमारत झाली. तिच्या एका भागांत फळें, दुसऱ्यांत रोपें आणि तिसऱ्यांत कॉर्डेलियाबाईंचें लहानसें चहागृह.

या मळ्याची कीर्ति ज्या फळानें झाली त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. रुडॉल्फ बॉयझन यांनीं निरनिराळ्या बेरींच्या संकरांतून एक टपोरी जात तयार केली होती, पण तिचा पिच्छा पुरविण्याचें त्यांनीं सोडून दिलें होतें. अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील जॉर्ज डॅरो हे तिचा माग काढीत नॉट यांच्याकडे आले. शोध करतां करतां दोघांस तणाखालीं गुदमरलेल्या कांहीं मरतुकड्या वेली सांपडल्या. वॉल्टर यांनीं त्या आपल्या मळ्यांत आणून जगविल्या, वाढविल्या, आणि १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांचीं फळें व रोपें बाजारांत आणलीं. नांव मात्र त्यांनीं स्वतःचें दिलें नाहीं. ती बॉयझनबेरीच राहिली. दुकानदारीच्या जगांत ही सचोटी वाटते तितकी सामान्य नव्हे.

आतां मुख्य प्रसंग. १९३४ सालचा जून महिना. मंदीनें अमेरिका गांजलेली होती आणि बेरीचा हंगाम तर वर्षांतील थोडक्या दिवसांचा. चहागृहांत पाव, मुरंबा आणि फळें भरून भट्टींत भाजलेली, 'पाय' नांवाची गोड पोळी एवढेंच मिळत असे. उत्पन्नाला हातभार लागावा म्हणून कॉर्डेलियाबाईंनीं एके दिवशीं तळलेल्या कोंबडीचें जेवण केलें व तें आठ गिऱ्हाइकांस वाढलें. वाढावयास वेगळीं भांडीं नव्हतीं. आपल्या लग्नांतील चिनी मातीच्या ताटल्याच त्यांनीं बाहेर काढल्या. दर माणशीं पासष्ट सेंट. आरंभीं रुबार्बची आंबटगोड वाटी, मग कोंबडी, कुस्करलेला बटाटा व त्यावरील दाट रस्सा, कोबी, लोण्याशीं खावयाचीं गरम मऊ बिस्किटें आणि शेवटीं बेरीची पोळी. भोजनगृह चालविण्याची बाईंना मुळींच हौस नव्हती. कर्त्या पुरुषाची दूरदृष्टि म्हणून ज्याचें पुढें वर्णन झालें त्याचा पाया असा एका गृहिणीच्या, बऱ्याचशा नाइलाजाच्या, कष्टांवर आहे. चरित्रकार वॉल्टर यांच्या कल्पकतेला पानेंच्या पानें देतात आणि त्या स्वयंपाकघराला एक परिच्छेद. हें प्रमाण उलटें असतें तर तें सत्याला अधिक धरून झालें असतें.

जेवणाचा बोलबाला झाला. लॉस एंजल्सहून व आसपासच्या गांवांहून लोक मुलाबाळांसह रविवारीं मोटारी काढून येऊं लागले. आठ ताटांचीं शेकडों झालीं, आणि १९४० च्या सुमारास एखाद्या रविवारीं चार हजारांच्या घरांत माणसें जेवून जाऊं लागलीं. जागा अपुरी, म्हणून लोक तासन् तास रांगेंत उभे. भुकेलेलीं मुलें व कंटाळलेले वडील ही गोष्ट कोणत्याहि यजमानाला संकोच आणणारी असते. त्यांचा वेळ जावा म्हणून वॉल्टर यांनीं अंगणांत कांहीं बाहीं मांडण्यास सुरुवात केली. दगडधोंड्यांची एक बाग व तींतून झिरपणारें पाणी, काचेआड मधमाश्यांचें पोळें, जुन्या वाद्यपेट्या, जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरांतील शेगडीची प्रतिकृति. जमिनींतून वर आलेला एक ओबडधोबड नळ डोळ्यांस खुपत होता, त्याच्याभोंवतीं दगड रचून कळ दाबतांच धुमसूं लागणारा लुटुपुटीचा ज्वालामुखी केला. या वस्तूंचा एकमेकींशीं कांहीं संबंध नव्हता, आणि तो असावा असें कोणाला वाटलेंहि नाहीं. त्यांना तिकीट नव्हतें. आपण पाहुण्यापुढें जेवणाआधीं सुपारीचें तबक वा एखादें चित्रांचें पुस्तक सरकवितों, त्यांतलाच तो प्रकार.

पुढें १९४० सालीं वॉल्टर यांनीं या सगळ्या पसाऱ्यांत एक सूत्र आणलें. त्यांच्या आजी लहान वयांत बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर वाळवंट ओलांडून पश्चिमेस आल्या होत्या. तो प्रवास भल्या थोरल्या रंगविलेल्या पडद्यापुढें लोकांस दाखवावा असें त्यांनीं योजिलें, आणि तो पडदा मांडावयास जुन्या धर्तीचें घर पाहिजे म्हणून आरिझोनांतील एका जुन्या हॉटेलाचें सामान आणून तें उभारलें. एका घराचीं दहा घरें झालीं. लोहाराचें दुकान, तुरुंग, दारूचा गुत्ता, खाणकामगारांच्या झोंपड्या, असें एक 'ओसाड गांव' अंगणांत वसलें. पॉल फॉन क्लिबेन नांवाच्या चित्रकाराची त्यांना मोठी मदत झाली. कॅन्ससमधील बेलॉइट येथील १८७९ सालची शाळा १९५२ सालीं उचलून येथें आणली; त्याच वर्षीं कोलोरॅडोंतील अरुंद रुळांच्या लोहमार्गाचीं जुनीं इंजिनें व डबे आणून खरीखुरी वाफेची आगगाडी चालूं केली. कॅलिको हें मूळ ओसाड गांव तर त्यांनीं १९५१ सालीं विकतच घेतलें, दुरुस्त केलें, आणि १९६६ सालीं सार्वजनिक उपयोगासाठीं परगण्याच्या स्वाधीन केलें.

इतिहासाच्या अध्यापकानें या गांवाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें? खरी शाळा, खरें इंजिन, आणि शेजारीं जुनाट दिसण्यासाठीं रंग खरवडलेली नवी भिंत, अशी ही सरमिसळ आहे. त्यांतून सांगितला जाणारा इतिहास वसाहतवाल्यांच्या बाजूचा असून, ज्यांच्या भूमींतून त्या गाड्या गेल्या त्यांचा पक्ष तेथें दुबळाच राहतो. हे दोष खरे आहेत. परंतु ज्यानें हें गांव उभारलें त्याला तें विकावयाचें नव्हतें. त्या काळीं त्याचें मोल घेतलें जात नव्हतें. मंदीनें खचलेल्या माणसांस, आपल्या आजी-आजोबांनीं याहून कठीण दिवस काढले होते, एवढें त्याला सांगावयाचें होतें.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस येथें लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानाची आठवण होईल. अठराव्या शतकांत जोनाथन टायर्स यांनीं त्यास वैभवास चढविलें. एक शिलिंग देऊन आंत जावें, दिव्यांच्या रोषणाईंत गाणें ऐकावें, आणि आडोशाच्या खोल्यांत बसून जेवावें. थॅकरे यांच्या 'व्हॅनिटी फेअर' कादंबरींत तेथील मद्यानें जोस सेडलीची उडालेली फजिती प्रसिद्धच आहे. पण त्या उद्यानाची सर्वांत गाजलेली वस्तु म्हणजे तेथील डुकराच्या मांसाचे काप. ते इतके पातळ कीं त्यांतून वर्तमानपत्र वाचतां यावें, अशी थट्टा लोक पिढ्यान् पिढ्या करीत. तेथें बाग आधीं व जेवण मागून. आंत आलेलें गिऱ्हाईक कोंडलेलें असल्यामुळें त्याला वाटेल तें वाढावें. १८५९ सालीं व्हॉक्सहॉल कायमचें बंद झालें. बुएना पार्कची रीत नेमकी उलटी होती. जेवण खोटें निघालें असतें तर रांगच लागली नसती, आणि रांग नसती तर गांवहि वसलें नसतें.

१७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. हा शेजारी आपल्याला गिळणार अशी भीति नॉट कुटुंबास वाटणें स्वाभाविक होतें. त्या समारंभाला वॉल्टर व कॉर्डेलियाबाई यांस निमंत्रण होतें. तेथून परत येऊन पाहतात तों आपल्या अंगणांत गाड्या ठेवावयास जागा उरलेली नाहीं, अशी गोष्ट सांगतात. डिस्नेलँडच्या निमित्तानें दूरदूरचे लोक या भागांत येऊं लागले व येथेंहि डोकावूं लागले. मात्र दोन्हीं स्थळांत एक महत्त्वाचा भेद होता. डिस्नेलँडला पहिल्या दिवसापासून वेस होती, द्वार होतें, प्रवेशमूल्य होतें. नॉट यांच्या गांवाला तें कांहींच नव्हतें. जेवण झालें कीं मुलांस घेऊन एक फेरी मारावी. इच्छा झाली तर आगगाडीचें अथवा १९६० सालीं बड हर्लबट यांनीं केलेल्या खाणींतल्या गाडीचें तिकीट काढावें. नाहीं तर बाकावर बसून येणारे-जाणारे पाहावे व अंधार पडतां घरीं जावें. शेजारपाजारच्या लोकांस हें ठिकाण म्हणजे गांवच्या चव्हाट्यासारखें झालें होतें. सहज जावें, सहज यावें.

१९६८ सालीं या गांवाभोंवतीं कुंपण पडलें. त्या अशांत वर्षांत टवाळ पोरांचे घोळके तेथें रात्रंदिवस भटकूं लागले, मोडतोड व दांडगाई होऊं लागली, आणि कुटुंबवत्सल मंडळी बिचकूं लागली, हें त्याचें कारण. प्रवेशमूल्य प्रथम पंचवीस सेंट होतें. रकमेकडे पाहिलें तर ती क्षुल्लक. पण या स्थळाच्या साऱ्या इतिहासांत याहून मोठा बदल झाला नाहीं, असें आमचें मत आहे. पंचवीस सेंट दिलेला मनुष्य आंत जातो तो पाहुणा म्हणून नव्हे. दिलेल्या पैशाचा मोबदला पुरा मिळाला कीं नाहीं, हा हिशेब त्याच्या मनांत सुरू होतो, आणि मालकालाहि दर वर्षीं नवें कांहीं दाखवून तो पटवून द्यावा लागतो. १९६९ सालीं ओंडक्याच्या होडींतून पाण्यावर घसरण्याची सोय झाली व तिच्या उद्‍घाटनास नट जॉन वेन आले. १९७५ सालीं माणसांस उलटें पालटें करणारी 'कॉर्कस्क्रू' गाडी आली. १९८३ सालीं स्नूपी या चित्रकथेंतील कुत्र्याचें बालोद्यान झालें. बेरीशीं, कोंबडीशीं किंवा वॉल्टर यांच्या आजींशीं यांचा कांहीं संबंध उरला नव्हता. कुंपण नसतें तर एवढ्या खर्चाचीं यंत्रें उभीं राहिलीं नसतीं, हेंहि खरें. आणि तीं ज्यांस आवडतात त्यांच्या आनंदास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

कॉर्डेलियाबाई १९७४ सालीं व वॉल्टर १९८१ सालीं निवर्तले. जॅम-मुरंब्यांचा धंदा १९९५ सालीं कोनॅग्रा कंपनीकडे गेला; दोन वर्षांनीं सीडर फेअर कंपनीनें उद्यान विकत घेतलें, आणि २०२४ सालीं ती कंपनी सिक्स फ्लॅग्जमध्यें विलीन झाली. २०२२ च्या जुलैंत तरुणांच्या मारामाऱ्यांमुळें एके रात्रीं उद्यान वेळेआधीं बंद करावें लागलें. त्यानंतर लवकरच शुक्रवारीं व शनिवारीं सतरा वर्षें वा त्याखालील मुलांस, एकवीस वर्षांवरील माणूस बरोबर असल्याखेरीज प्रवेश नाहीं, असा नियम झाला. १९६८ च्या कुंपणाला चोपन्न वर्षांनीं बसविलेलें हें दुसरें फाटक.

कुंपण घालतांना भोजनगृह मात्र त्याच्या बाहेर ठेवण्यांत आलें, आणि तें अद्याप बाहेरच आहे. तेथें जेवावयास उद्यानाचें तिकीट लागत नाहीं. कोंबडीपूर्वीं रुबार्बची वाटी येते. बेरीचे मळे मात्र कधींच नाहींसे झाले. २०१४ पासून वसंत ऋतूंत उद्यानामध्यें बॉयझनबेरीचा उत्सव भरतो, आणि तो पाहावयास कुंपणाच्या आंत जावें लागतें.