आकडा ठीक, तरी रक्त थांबेना

पावसाळा लागला, डेंग्यूचे रुग्ण वाढले की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : 'प्लेटलेट किती?' मिहानमधील 'एम्स'चे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. तिथे येणाऱ्या नातेवाइकांनाही हा आकडा विचारावासा वाटतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, असतात. पण आकडा अगदी बरोबर असूनही काहींचे रक्त थांबत नाही. असे का?

इटलीतील तुरिनच्या बित्सोझेरो यांनी १८८२ साली दाखवून दिले की, रक्तवाहिनीला जखम होताच या चकत्या तिथे गोळा होतात. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी १९१८ साली असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या बिंबिका संख्येने पुरेशा, पण कामाला कुचकामी होत्या. कारण कळायला अर्धे शतक गेले. १९७४ साली पॅरिसमध्ये नर्डेन आणि काएन यांना आढळले की, या रुग्णांच्या बिंबिकांच्या आवरणातील विशिष्ट प्रथिनेच उणी आहेत.

ही प्रथिने म्हणजे बिंबिकेचे जणू हात. निरोगी बिंबिकेवर अशा सुमारे ऐंशी हजार जोड्या असतात. त्या फायब्रिनोजेनला धरतात, त्यातून बिंबिका एकमेकींना जोडल्या जातात आणि जखमेचे तोंड बुजते. आज त्यांना 'सीडी ४१' आणि 'सीडी ६१' म्हणतात. चमकणारी प्रतिपिंडे त्यांना चिकटवून, लेझरच्या झोतातून एकेक बिंबिका नेत, यंत्र त्या मोजते.

पेशीच्या पृष्ठभागावरची खूण वाचण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. तिथेही तांबड्या पेशीवरची एक खूणच गायब होती. मुंबईत १९५७ साली सुरू झालेल्या रक्तगट केंद्रातूनच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था उभी राहिली.

ग्लान्झमानचा आजार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. म्हणून नात्यातल्या सोयरिकीत त्याचा धोका वाढतो. दोष एकट्या आईच्या माथी मारणे हे अज्ञान आहे. हिरड्यांतून, नाकातून वारंवार रक्त येणाऱ्या किंवा पहिल्याच पाळीत अतोनात रक्तस्राव होणाऱ्या मुलीचा आकडा ठीक आला, म्हणून तिला घरी नेऊन स्वस्थ बसू नका. डॉक्टरांना दुसरा प्रश्नही विचारा : प्लेटलेट आहेत, पण त्या काम करतात का?