पंख्याची दोरी

हिंगोली कोठें आणि समुद्र कोठें! आमच्या कयाधू नदीच्या वाळूंतून उन्हाळ्यांत कोरड्या पायांनीं पलीकडे जातां येतें. अशा गांवीं बसून नौकेवरील खोली थंड कशी ठेवावी ह्याविषयीं लिहावें, हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु निमित्त घडलें तें असें. माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं मुंबईस असतो. त्यानें व त्याच्या मित्रानें भागीनें एक लहानशी शिडाची नौका घेतली आहे. सुटीच्या दिवशीं ते अलिबाग-मुरुडच्या बाजूला जातात आणि रात्रीं नौकेंतच निजतात. नौकेला एक केबिन आहे. दोन माणसें कशींबशीं पाय पसरतील एवढीच. एप्रिल-मे महिन्यांत तींत जीव गुदमरतो. तेव्हां “सर, बॅटरीवर चालेल आणि थोडी वीज खाईल असा पंखा कोणता घ्यावा?” असें त्यानें मला विचारलें.

मी इतिहासाचा शिक्षक, यंत्रांचा नव्हे. पण विचार करूं लागलों तेव्हां असें दिसलें कीं, “थोडी वीज” ह्या दोन शब्दांत पंख्याचा जवळजवळ सारा इतिहास सांठलेला आहे. वारा सुखाचा खरा. पण तो कोणाच्या जोरावर येतो, हा प्रश्न त्या सुखाला सदैव चिकटलेला आहे. त्या इतिहासाचें एक पान आमच्या हिंगोलीच्या छावणींतहि लिहिलें गेलें आहे.

पंख्याला आपला जुना शब्द विंझणा. संस्कृत ‘व्यजन’ शब्दापासून तो आला. ताडाच्या पानाचा, वाळ्याचा, मोरपिसांचा असे त्याचे नाना प्रकार होते. देवाला, राजाला, गुरूला, पंक्तीस बसलेल्या पाहुण्याला विंझणवारा घालणें हा सेवेचा आणि आदराचा भाग समजला जाई. ह्या रीतींत उच्चनीच भाव नव्हता असें नाहीं; परंतु वारा घालणारा हात आणि वारा घेणारा चेहरा हे समोरासमोर असत. हात दुखून थांबला तर तें दिसे. तान्ह्या मुलाला वारा घालतां घालतां पेंगणारी आई ज्यानें पाहिली आहे, त्याला वाऱ्याची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास इंग्रजांच्या घरांतून टांगत्या पंख्याचा प्रघात पडला आणि ही समोरासमोरची बैठक मोडली. लांकडी चौकटीवर कापड ताणून, खालीं झालर लावून, ती छताला टांगावयाची. तिची दोरी कप्पीवरून भिंतीच्या भोंकांतून बाहेर पडवींत न्यावयाची. आणि तेथें एक माणूस बसवावयाचा. तो दोरी ओढी आणि सैल सोडी. दिवसा ओढी, रात्रीं ओढी. पाळ्या लावलेल्या असत. हात दमले म्हणजे दोरी पायाच्या आंगठ्याला बांधून तो पडल्यापडल्या ओढी. आंत निजलेल्या साहेबाला वारा लागे. माणूस दिसत नसे. वारा थांबला तरच त्याची आठवण होई.

हिंगोली ही त्या काळीं निजामाच्या राज्यांतील एक महत्त्वाची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट ह्या नांवाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज येथें असे. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानच्या लष्करांत विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. ठगांवरील कादंबरीमुळें प्रसिद्ध झालेला मेडोज टेलर ह्याच फौजेंतला. त्या १८३९ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्यानें हिंगोलीचा उल्लेख केला आहे: ह्या छावणींतील हरिसिंग नांवाचा प्रतिष्ठित व्यापारी हाच ह्या भागांतील ठगांचा म्होरक्या निघाला आणि त्याच्याशीं आपला स्वतःचा व्यवहार झाला होता, असें तो सांगतो. मराठवाड्याचा उन्हाळा सोसणाऱ्या छावणीच्या बंगल्यांना पंख्यावांचून गत्यंतर नव्हतें. परंतु ठगाचें नांव ग्रंथांत राहिलें. पंखा ओढणाऱ्या गड्याचें नांव कोणीं लिहून ठेवण्याची रीतच नव्हती.

तो ग्रंथांत येई तो निराळ्या प्रसंगानें. पंखेवाल्याला डुलकी लागली, वारा थांबला, घामानें जागा झालेला गोरा शिपाई बाहेर आला आणि त्यानें लाथ मारली. गडी जागच्या जागीं मेला. अशा बातम्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वृत्तपत्रांतून पुनःपुन्हा येत. खटला उभा राहिला तर बचाव बहुधा ठरलेला असे: मृताची पानथरी हिंवतापानें सुजली होती, साधा धक्का लागतांच ती फुटली, मारणाराचा हेतु तसा नव्हता. हिंवतापाच्या देशांत सुजलेली पानथरी ही खरोखर सामान्य गोष्ट; म्हणूनच तो बचाव सोयीचा पडे. शिक्षा पुष्कळदां किरकोळ दंडावर भागे. लॉर्ड कर्झन ह्यांच्याविषयीं आपल्या लोकांत प्रेम नव्हतें. पण गोऱ्या शिपायांच्या अशा अत्याचारांवर पांघरूण घालण्यास त्यांनीं नकार दिला आणि त्यासाठीं लष्कराची नाराजी ओढवून घेतली, हें न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. रात्रभर अखंड वारा पाहिजे आणि त्यासाठीं लागणारें बळ मात्र दिसतां कामा नये, ह्या इच्छेचा शेवट कोठें होतो तें ह्या खटल्यांत दिसतें.

येथें थोडें हवेविषयीं बोललें पाहिजे, कारण पंख्याची निवड शेवटीं हवेवर ठरते. पंखा हवा थंड करीत नाहीं. तो अंगाभोंवतालची कोंदट हवा दूर सारतो आणि घाम लौकर वाळवितो. घाम वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो, हाच काय तो थंडावा. आपल्या कातडीची उष्णता पस्तीस अंशांच्या आसपास असते. हिंगोलीस वैशाखांत पारा चाळीस ओलांडून जातो. तेव्हां नुसता पंखा लावला तर भट्टीसमोर बसल्यासारखें होतें. म्हणून आमच्याकडे वाळ्याचे ताटे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडीत. हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्यानें उडे आणि आंत येणारा वारा गार होई. आजचा कूलर हें त्याचेंच यांत्रिक रूप. कोंकणच्या किनाऱ्यावर स्थिति उलट. पारा तेहतीस-चौतिसापुढें सहसा जात नाहीं, पण हवा पाण्यानें भरलेली. तेथें ओल्या ताट्याचा उपयोग थोडा आणि नुसत्या वाहत्या वाऱ्याचा मोठा. माझ्या विद्यार्थ्यानें कूलर न मागतां पंखा मागितला, तो बरोबरच मागितला.

समुद्रावर बंद खोलींत माणसें कोंडण्याचा प्रश्नहि जुनाच आहे. मोठ्या शिडाच्या जहाजांत खालच्या मजल्यांवर शेंकडों माणसें निजत आणि तेथील हवा नासे. त्यावर खलाशांनीं काढलेली युक्ति साधी होती: कापडाचा एक रुंद नळा डोलकाठीच्या दोराला वर टांगावयाचा, त्याचें तोंड वाऱ्याकडे करावयाचें आणि शेंवट खालच्या मजल्यावर सोडावयाचा. वारा आपण होऊन आंत उतरे. वारा पडला म्हणजे मात्र हा नळा लुळा पडे. स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें १७४१ सालीं जहाजांसाठीं व तुरुंगांसाठीं मोठ्या भात्यांचें यंत्र सुचविलें. यंत्र उत्तम, पण भाता हलवावयास पुन्हा माणसेंच लागत. जमिनीवर दोरी, समुद्रावर भाता. दोहोंच्या शेंवटीं मनुष्याचा दंड तो एकच.

१८८२ सालीं अमेरिकेंत शायलर व्हीलर ह्यानें विजेवर चालणारा लहान टेबलपंखा केला. फिलिप डील ह्यानें त्याच दशकांत छताचा पंखा आणला. कलकत्त्यास १८९९ सालीं व मुंबईस १९०५ सालीं वीज आली आणि पडवींतील गडी हळूहळू नाहींसे झाले. मोफसलच्या कचेऱ्यांतून ते पुढेंहि बरींच वर्षें टिकले. मराठवाड्याच्या खेड्यांत तर वीजच फार उशिरां पोंचली. ज्या यंत्रानें लाथ खाणारा माणूस त्या पडवींतून उठविला, त्या यंत्राचे उपकार मानावेत तितके थोडेच.

पण हिशेब येथें संपत नाहीं. धट्टाकट्टा माणूस दिवसभर सतत राबला तर त्याची शक्ति सुमारें पाऊणशें वॅट भरते. आपल्या घरांतील जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सत्तर ते ऐंशीं वॅट वीज घेतो. म्हणजे प्रत्येक पंख्याच्या दोरीला आजहि एका माणसाएवढें बळ जुंपलेलें असतें. फक्त भिंतीचें भोंक लांब गेलें आहे. मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर तें परळीच्या औष्णिक केंद्रापर्यंत गेलें आहे. त्या केंद्राला कोळसा लागतो, तसें पाणीहि लागतें. २०१३ सालच्या दुष्काळांत पाण्याअभावीं तें बंद ठेवावें लागलें, तेव्हां आपल्या डोक्यावरील वारा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील पाणी ह्यांचा संबंध पुष्कळांस प्रथमच कळला.

आतां त्या लहान केबिनकडे वळूं. तेथें भिंतीला भोंकच नाहीं. वारा घेणारा आणि वाऱ्याची किंमत देणारा एकच. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असली तर तिचें आयुष्य राखण्यासाठीं पन्नासच वापरावे, असा संकेत आहे. त्यांतच दिवे, रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणें. घरचा पन्नास वॅटचा पंखा इन्व्हर्टर लावून चालविला, तर बारा व्होल्टच्या बॅटरींतून ताशीं चार-पांच अँपिअर जातील. आठ तासांच्या झोंपेंत पस्तीस-चाळीस संपले. पहांटे दिवा लावावयास कांहीं उरेल न उरेल. उलट, थेट बारा व्होल्टवर चालणारा तीन वॅटचा पंखा पाव अँपिअर घेतो. रात्रभरांत दोन अँपिअर-तास. असे दोन लावले तरी चारच.

तीन वॅटांत वारा तो किती लागणार, असें कोणी म्हणेल. येथें निसर्गाचा एक नियम गरिबाच्या बाजूला उभा आहे. त्याच पंख्यानें वाऱ्याचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति दुप्पट लागून भागत नाहीं, आठपट लागते. आणि वेग निम्मा केला तर आठव्या हिश्शांत काम होतें. म्हणून एक पंखा जोरानें फिरविण्यापेक्षां दोन पंखे निम्म्या वेगानें फिरवावे: हवा तेवढीच हलते आणि वीज चौथाई लागते. पातीं शक्य तितकीं रुंद व मोठीं असावींत, फिरणें मंद असावें, आणि पंखा निजणाऱ्याच्या छातीपासून हात-दोन हातांवर असावा. सारी खोली हलविण्याची गरज नाहीं. एका अंगावरून झुळूक गेली कीं पुरे. मोटर ब्रश नसलेली घ्यावी. ती कमी वीज खाते, आवाज करीत नाहीं आणि झिजत नाहीं. ह्याच जातीच्या मोटरीमुळें घरचे छताचे पंखेहि आतां अठ्ठावीस ते पस्तीस वॅटांत चालूं लागले आहेत, मुंबईच्या आय.आय.टी.तून निघालेल्या तरुणांच्या, २०१२ सालीं स्थापन झालेल्या ॲटमबर्ग कंपनीचें नांव ह्या बाबतींत घ्यावें लागेल. दोन सूचना खास नौकेसाठीं. खारी हवा तांब्याला खाते, म्हणून मोटर व तारांचे सांधे बंदिस्त असावेत. आणि ह्या मोटरींत लोहचुंबक असतो, म्हणून पंखा होकायंत्रापासून दूर बसवावा. नाहींतर वाऱ्याच्या सुखांत वाट चुकावयाची.

ह्या सर्वांच्या आधीं मात्र जुन्या खलाशाचा नळा आठवावा. नांगरलेली नौका बहुधा आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करते; पुढील झांकण उघडून त्यावर कापडाचा नळा उभारला, आणि दिवसा डेकवर कनात ताणून ऊन अडविलें, तर कित्येक रात्रीं पंख्याची कळ दाबावीच लागणार नाहीं.

गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यांत बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० सालीं एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असें करणारे ते पहिले भारतीय. अशा नौकेवर सुकाणू धरणारें यंत्र, दिवा, रेडिओ ह्यांपैकीं प्रत्येकाच्या तोंडीं जाणारी वीज नाविकाला स्वतः मोजावी लागते. एकटा माणूस आपल्या सुखासाठीं दुसऱ्या कोणाला पडवींत बसवूं शकत नाहीं.

मीं विद्यार्थ्याला कळविलें: तीन-तीन वॅटचे दोन पंखे घे; मंद चालव; आधीं नळा शिवून घे. त्याचें उत्तर आलें कीं, पंखे बसले, झोंप लागते, आणि पहांटे बॅटरी पाहण्याची आतां संवय झाली आहे. पत्र वाचून मीं वर पाहिलें. माझ्या अभ्यासिकेंतील जुना पंखा भरवेगानें फिरत होता आणि त्याखालीं दोन तासांपासून कोणी बसलेलेंच नव्हतें. उठून मीं तो बंद केला.